रँडम व्हेरिएबलचं उत्तर जुळत नाही तेव्हा कुठे आणि कोणत्या क्रमाने पाहायचं

सांगलीच्या विश्रामबागेत माझ्याकडे बारावी सायन्सची मुलं गणिताला येतात. बोर्डाची परीक्षा जवळ आली की प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशनच्या धड्यावर एकच तक्रार सुरू होते: "सर, फॉर्म्युला बरोबर हाय, पण उत्तर मागच्या पानाशी जुळंना झालंय." वही बघितली तर फॉर्म्युला खरंच बरोबर असतो. बिघाड त्याच्या आधी झालेला असतो, बहुतेक वेळा पहिल्या ओळीत. तिथे एक्स, म्हणजे रँडम व्हेरिएबल, या गणितात नेमकं काय मोजतो हे लिहिलेलंच नसतं.

हा बिघाड मी इतक्या वह्यांमध्ये दुरुस्त केलाय की आता लक्षणावरून जागा सांगता येते. म्हणून आधी लक्षणं, मग तपासण्या. सोप्या तपासण्या आधी दिल्यात, वेळखाऊ नंतर. हाच क्रम पाळा. तीन पानांचं गणित पुन्हा पहिल्यापासून करण्याआधी दहा सेकंदांची बेरीज करून बघणं कधीही फायद्याचं.

लक्षणं

तक्त्यातल्या (वरच्या ओळीत एक्सच्या किमती, खालच्या ओळीत त्यांच्या संभाव्यता) संभाव्यतांची बेरीज १ येत नाही. एखादी संभाव्यता ऋण येते किंवा १ च्या वर जाते. व्हेरियन्स, म्हणजे किमती सरासरीभोवती किती पसरल्यात त्याचं माप, ऋण येतो. एक्सच्या किमती ० ते ३ आणि सरासरी, म्हणजे ई(एक्स), येते ४.२. उत्तर पुस्तकाच्या जवळ येतं, पण थोडं कमी किंवा थोडं जास्त. उत्तर आणि पुस्तकातलं उत्तर यांची बेरीज बरोबर १ येते. सरासरी जुळते, व्हेरियन्स मात्र जुळत नाही. हे शेवटचं लक्षण सगळ्यात फसवं, त्यावर पुढे सविस्तर लिहिलंय.

दोन गोष्टी बिघाडासारख्या दिसतात, पण बिघाड नसतात. फासा एकदा टाकला तर ई(एक्स) ३.५ येतो. फाशावर साडेतीन ठिपके नसतात म्हणून काही मुलं त्याचं ४ करतात. तसं करू नका. ई(एक्स) म्हणजे पुढच्या वेळी काय पडेल याचं भाकीत नव्हे. फासा पुष्कळ वेळा टाकला तर सरासरी ज्या आकड्याजवळ येऊन ठरते तो हा आकडा, आणि तो एक्सच्या किमतींपैकी एक असलाच पाहिजे असं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे कंटिन्युअस प्रकारात, म्हणजे एक्स मधली कुठलीही किंमत घेऊ शकतो तेव्हा, एफ(एक्स) या घनतेची किंमत १ च्या वर जाणं. तेही चालतं. का चालतं ते शेवटच्या तपासणीत येईल.

पहिली तपासणी: बेरीज आणि चिन्ह

तक्ता झाला की खालच्या ओळीची बेरीज करा. ती १ आलीच पाहिजे, कारण प्रयोगाचा निकाल कुठल्या तरी एका घरात पडणारच. १ पेक्षा कमी आली तर एखादी शक्यता सुटली आहे. जास्त आली तर एखादी दोनदा मोजली गेली आहे.

पण नुसती बेरीज पुरत नाही. हे उदाहरण मी प्रत्येक बॅचला देतो. एक्सच्या किमती ०, १, २, ३ आणि त्यांच्या संभाव्यता के², २के², के, के. बेरीज १ ठेवली की ३के² + २के − १ = ० हे समीकरण मिळतं. त्याची उत्तरं दोन: के = १/३ आणि के = −१. आता के = −१ घालून बघा. संभाव्यता होतात १, २, −१, −१, आणि त्यांची बेरीज बरोबर १ येते! बेरजेच्या परीक्षेत हा तक्ता पास होतो, पण तो संभाव्यतेचा तक्ता नाही. म्हणून बेरजेबरोबर प्रत्येक घर ० ते १ च्या आत आहे का हेही पाहायचं. के = १/३ घेतला तर १/९, २/९, ३/९, ३/९ मिळतात आणि दोन्ही अटी पाळल्या जातात. पेपरात "के = −१ चालत नाही, कारण संभाव्यता ऋण नसते" हे वाक्य लिहा. नुसती काट मारू नका.

दुसरी तपासणी: सरासरी आणि व्हेरियन्स हद्दीत आहेत का

ई(एक्स) नेहमी एक्सच्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या किमतीच्या मध्ये असतो. बाहेर गेला तर गुणाकार चुकला, किंवा बेरीज १ नव्हती आणि तुम्ही पहिली तपासणी टाळलीत. खूप मुलं सगळे गुणाकार मिळवून झाल्यावर वर आणखी किमतींच्या संख्येने भागतात, कारण दहावीत सरासरी काढताना शेवटी भागायची सवय लागलेली असते. इथे भागायचं नाही. ते भागणं संभाव्यतेत आधीच झालेलं आहे.

वरच्या तक्त्यात ई(एक्स) येतो १७/९ आणि एक्स² चा अपेक्षित आकडा येतो ४१/९. व्हेरियन्स म्हणजे ४१/९ मधून १७/९ चा वर्ग वजा, म्हणजे ८०/८१. इथली नेहमीची चूक म्हणजे सरासरीचा वर्ग करायला विसरणं. मग ४१/९ − १७/९ = २४/९, म्हणजे सुमारे २.६७ येतं. ऋण नाही, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण व्हेरियन्सला वरूनही एक हद्द असते. एक्सच्या सगळ्यात मोठ्या आणि लहान किमतींमधला फरक घ्या, त्याचा वर्ग करा, ४ ने भागा. व्हेरियन्स याच्या वर जाऊच शकत नाही. इथे फरक ३, वर्ग ९, हद्द २.२५. आपलं २.६७ त्याच्या वर गेलं, म्हणजे चूक पकडली. ही हद्द वर्गात सहसा शिकवत नाहीत, पण घरी तपासायला फार कामाची आहे.

व्हेरियन्स ऋण आला तर विचारच करू नका, चूक आहेच. तो सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी असतो. वर्ग ऋण नसतात, मग त्यांची सरासरी कुठून ऋण येणार? अशा वेळी बहुधा एक्सऐवजी संभाव्यतेचा वर्ग झालेला असतो. वर्ग वरच्या ओळीचा करायचा, खालची ओळ आहे तशी ठेवायची.

आणि अपूर्णांक शेवटपर्यंत अपूर्णांकच ठेवा. १७/९ चं १.९ केलंत तर वरचाच व्हेरियन्स ०.९९ च्या जागी ०.९५ येतो.

तिसरी तपासणी: "किमान", "जास्तीत जास्त" आणि बरोबरचं चिन्ह

उत्तर पुस्तकाच्या जवळपास आहे पण तेच नाही, तेव्हा दोन्हींची वजाबाकी करा. फरक तक्त्यातल्या एखाद्या घराएवढा आला तर दोष बरोबरच्या चिन्हात आहे. उदाहरण घ्या: बियाण्याची उगवण ८० टक्के धरली आणि ५ बिया टोकल्या, तर किमान ४ उगवण्याची संभाव्यता किती? ४ उगवण्याची ०.४०९६, पाचही उगवण्याची ०.३२७६८, मिळून ०.७३७२८. ज्याचं उत्तर ०.३२७६८ आलं, त्याने "किमान ४" चा अर्थ "४ पेक्षा जास्त" असा घेतला. फरक बरोबर ०.४०९६ आहे, म्हणजे ४ चं घर सुटलं.

तुमचं आणि पुस्तकाचं उत्तर मिळून १ होत असेल तर तुम्ही उलट्या घटनेची संभाव्यता काढून थांबलात. शेवटी १ मधून वजा करायचं राहिलं.

सीडीएफ, म्हणजे एखाद्या किमतीपर्यंतच्या सगळ्या संभाव्यतांची बेरीज, वापरताना हाच दोष जरा लपून येतो. इथे ती एफ ने लिहिली आहे. पूर्ण संख्यांच्या किमती असतील तर "२ पेक्षा जास्त आणि ५ पर्यंत" यासाठी एफ(५) − एफ(२). "२ ते ५, दोन्ही धरून" यासाठी एफ(५) − एफ(१), कारण २ चं घर आपल्याला हवं आहे, ते वजा होता कामा नये. गोंधळ वाटला तर वेगवेगळी घरं लिहून त्यांना गोल करा. मिनिटही लागत नाही.

चौथी तपासणी: एक्स म्हणजे काय ते एका वाक्यात लिहा

सगळ्यात जास्त वह्या इथेच दुरुस्त होतात. "एक्स = दोन नाणी उडवल्यावर पडलेल्या छाप्यांची संख्या." एवढं एक पूर्ण वाक्य, कर्ता-क्रियापदासह. ते लिहिता येत नसेल तर पुढचं काहीही करू नका.

रँडम व्हेरिएबल हा प्रत्येक निकालाला एक आकडा देणारा नियम आहे. मोठा एक्स हे त्या नियमाचं नाव, लहान एक्स ही त्याने दिलेली एखादी किंमत. म्हणून आधी निकालांची यादी करायची, मग प्रत्येक निकालासमोर आकडा लिहायचा, आणि मग सारख्या आकड्यांचे निकाल एकत्र करायचे. मुलं मधल्या दोन पायऱ्या गाळतात. किमती ०, १, २ अशा तीन दिसल्या की प्रत्येकीला १/३ देऊन मोकळी होतात. बेरीज १ येते, पहिली तपासणी पास होते, सरासरीसुद्धा १ अशी बरोबर येते. पण निकाल चार आहेत: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. एका छाप्याचे निकाल दोन, म्हणून संभाव्यता १/४, १/२, १/४. समान संधी निकालांना असते, किमतींना नसते.

ही चूक कमी बुद्धीची नाही, हे मी मुलांना मुद्दाम सांगतो. फ्रान्सचे झाँ द'अलाँबेर हे अठराव्या शतकातले मोठे गणिती. १७५४ साली त्यांनी असाच युक्तिवाद छापला होता: दोन फेकींत एकदा तरी छापा पडण्याची संभाव्यता २/३. पहिल्याच फेकीत छापा, काट्यानंतर छापा, किंवा दोन्ही काटे अशा तीन शक्यता त्यांनी समान धरल्या. खरं उत्तर ३/४. पहिल्या फेकीत छापा पडणं ही एक शक्यता नसून दोन निकालांची जोडी आहे, हे त्यांनी मोजलं नाही.

त्याच दोन नाण्यांवर नियम बदलून बघा: एक्स = छापे वजा काटे. आता किमती २, ०, −२. संभाव्यता तशाच, १/४, १/२, १/४. सरासरी १ ची ० झाली, व्हेरियन्स १/२ चा २ झाला. नाणी तीच, निकाल तेच, नियम वेगळा म्हणून उत्तरं वेगळी. इथे आणखी एक शंका नेहमी येते: "सर, ऋण आलं की." एक्सची किंमत ऋण असायला हरकत नाही, संभाव्यता ऋण चालत नाही. वरची ओळ आणि खालची ओळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बियाण्याच्या गणितातही हेच वाक्य वाचवतं. एक्स = "न उगवलेल्या बियांची संख्या" असेल तर पी, म्हणजे एका प्रयोगात ती घटना घडण्याची संभाव्यता, ०.२ घ्यायचा, ०.८ नाही. पी नेहमी त्या घटनेचा असतो, जी एक्स मोजतो.

पाचवी तपासणी: बायनॉमियल लागू होतं का

बायनॉमियलचा, म्हणजे ठरावीक प्रयोगांत एखादी घटना किती वेळा घडते त्याच्या डिस्ट्रिब्युशनचा, धडा झाला की मुलं प्रत्येक गणिताला एनसीआर (एन मधून आर निवडण्याचे प्रकार) लावायला लागतात. हे डिस्ट्रिब्युशन ज्या प्रयोगांवर उभं आहे त्यांना याकोब बर्नुली यांचं नाव आहे. त्यांचं काम १७१३ साली, मृत्यूनंतर आठ वर्षांनी छापलं गेलं. अटी चार: प्रयोगांची संख्या आधी ठरलेली, प्रत्येकाचे निकाल दोनच प्रकारचे, पी दर वेळी तोच, आणि एका प्रयोगाचा दुसऱ्यावर परिणाम नाही. पहिल्या दोन दिसतात. शेवटच्या दोन तपासाव्या लागतात, आणि सरासरी जुळूनही व्हेरियन्स न जुळण्याचं मूळ तिथे आहे.

तासगावच्या बेदाण्याचं उदाहरण घेतो. बेदाण्याचे १० बॉक्स आहेत, त्यांपैकी ३ मध्ये माल ओलसर आहे. दोन बॉक्स उघडून बघायचे. एक्स = उघडलेल्यांपैकी ओलसर बॉक्सची संख्या. पहिला बॉक्स बाजूला ठेवून दुसरा उचलला तर उरलेल्या नवांतून निवड होते, म्हणजे पी बदलला. ० ची संभाव्यता ७/१० × ६/९ = ७/१५, १ ची ७/१५, २ ची १/१५. बायनॉमियल लावलं, एन (प्रयोगांची संख्या) = २ आणि पी = ०.३, तर मिळतात ०.४९, ०.४२, ०.०९.

आता सरासरी काढा. पहिल्या तक्त्यात ७/१५ + २/१५ = ०.६. दुसऱ्यात ०.४२ + ०.१८ = ०.६. दोन्ही सारख्या! बेरीजही दोन्हीकडे १. आतापर्यंतच्या सगळ्या तपासण्यांतून चुकीचा तक्ता सुटून जातो. व्हेरियन्सला मात्र फरक दिसतो: खरा सुमारे ०.३७३, बायनॉमियलचा ०.४२. उचललेला बॉक्स परत ठेवला नाही की पुढच्या निवडीला मोकळीक कमी राहते, म्हणून पसारा कमी. त्यामुळे गणित वाचताना "परत ठेवून" की "परत न ठेवता" याखाली रेघ मारा. "एकदम दोन उचलले" म्हणजेही परत न ठेवता.

बॉक्स १००० असते आणि त्यांतले ३०० ओलसर, तर दोन्ही चांगले निघण्याची खरी संभाव्यता ०.४८९८ आली असती, बायनॉमियलची ०.४९. मोठ्या ढिगातून थोडे नमुने घेतले तर बायनॉमियल चालवून घेतात, ते यामुळे. गणितात "मोठ्या लॉटमधून" असा शब्द दिसला तर तो मुद्दाम दिलेला असतो.

सहावी तपासणी: कंटिन्युअस, म्हणजे इंटिग्रेशन

ही शेवटी, कारण हिला वेळ लागतो आणि मागच्या धड्यांवर ती उभी आहे.

पहिला प्रश्न: एक्स मोजायचा की मापायचा? सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी फुटांत सांगतात. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. पावसाळ्यातल्या एखाद्या दिवशीची पातळी हा कंटिन्युअस व्हेरिएबल. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी ४० फुटांच्या वर राहिलं ते किती दिवस, हा डिस्क्रीट, म्हणजे एक, दोन, तीन असा मोजायचा. नदी एकच, प्रश्न दोन.

कंटिन्युअसमध्ये एफ(एक्स) ही संभाव्यता नसते, ती घनता असते. संभाव्यता म्हणजे तिच्याखालचं क्षेत्रफळ. एफ(एक्स) = ३एक्स², ० ते १ मध्ये. ०.९ ला एफ ची किंमत २.४३ येते आणि मुलं घाबरून खोडतात. खोडू नका. पूर्ण क्षेत्रफळ १ आहे ना, तेवढं बघा. एक्स १/२ पेक्षा कमी असण्याची संभाव्यता १/८. १/२ ही किंमत घनतेत घालून ३/४ मिळतं, ते उत्तर नव्हे. सरासरीही ३/४ च येते, हा निव्वळ योगायोग, त्यावरून काही ठरवू नका. व्हेरियन्स ३/८०. एका नेमक्या बिंदूची संभाव्यता इथे शून्य असते, म्हणून तिसऱ्या तपासणीतला बरोबरच्या चिन्हाचा दोष इथे उद्भवत नाही.

सीडीएफ काढताना खालची मर्यादा जिथून घनता सुरू होते तिथून घ्या, आणि ० च्या आधी ०, १ च्या पुढे १ असे तिन्ही भाग लिहा. सीडीएफ कधीच उतरत नाही. उतरली तर इंटिग्रेशनमध्ये चिन्ह चुकलंय.

कुठे थांबायचं आणि कुणाकडे जायचं

सहाव्या तपासणीत डेफिनिट इंटिग्रेशनच जमत नसेल तर हा धडा बाजूला ठेवा. बिघाड संभाव्यतेचा नाही. बोर्डाच्या गणित भाग २ मध्ये इंटिग्रेशन या धड्याच्या आधी येतं, ते उगाच नाही. तसंच पाचव्या तपासणीत एनसीआरवर अडखळत असाल तर अकरावीचं पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन आधी. या दोन्ही ठिकाणी व्हिडिओ बघत बसण्यापेक्षा कॉलेजच्या सरांकडे किंवा मॅडमकडे जा. तिथे कुणीतरी तुमचं लिहिणं बघून चूक दाखवावी लागते.

दोन वेगळ्या पद्धतींनी तुमचं उत्तर तेच येतंय, सगळ्या तपासण्या झाल्यात, तरी पुस्तकाशी जुळत नाही, तर तिथेही थांबा. उत्तरसूचीत छपाईच्या चुका असतात. पण ते तुम्ही ठरवू नका, शिक्षकांना दाखवा. उत्तराकडे बघून मधल्या पायऱ्या वाकवणं तर अजिबात नको, कारण तीच वाकडी पायरी पेपरात उतरते.

प्रोजेक्टसाठी पुराचे आकडे घेणाऱ्यांना स्पष्ट सांगतो: जुलै-ऑगस्टचे ६२ दिवस, प्रत्येक दिवशी पूर येतो किंवा येत नाही, म्हणून बायनॉमियल, असं करू नका. आज पाणी ४० फुटांवर असेल तर उद्या तिथे असण्याची शक्यता खूप वाढते. वरचा पाऊस आणि कोयनेचा विसर्ग एका दिवसात थांबत नाही. चौथी अट मोडली. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. इथल्या घरांनी ते पाहिलंय, आणि अशा विषयावर चुकीची संभाव्यता लिहून ती वर्गात वाचणं बरोबर नाही. त्यासाठी संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांना किंवा जलसंपदा विभागातल्या अभियंत्यांना विचारा. बारावीच्या सूत्रांची हद्द तिथे संपते.

शिक्षकांकडे जाताना कोरी वही आणि "हे येत नाही" एवढंच घेऊन जाऊ नका. एक्सचं वाक्य, निकालांची यादी, तक्ता, बेरीज, आणि कोणत्या तपासणीत अडलात त्याचा क्रमांक, एवढं एका पानावर लिहून न्या. खोडलेलं असलं तरी तसंच न्या, कारण दोष बहुधा त्या खोडलेल्या ओळीत सापडतो.